तक्रार आली नाही म्हणजे वंशभेद नाही असं नसतं, मंत्रीसाहेब

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

नमस्कार साहेब. मी एमएस्सी करते, हॉस्टेलला राहते. आमच्या मजल्यावर मणिपूर, नागालँडच्या मुली आहेत, वर्गात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलंही आहेत. कॅम्पसवर वंशभेद होतो का असं इथल्या कुणालाही विचारा, आपली मुलं लगेच म्हणतात छे, आमच्याकडे असलं काही नाही, थोडी मस्करी चालते इतकंच. आणि ज्यांची मस्करी होते त्यांना विचारलं तर आधी गप्प बसतात, मग एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत. कॉलेज तेच, वर्ग तोच, मग उत्तरं इतकी वेगळी कशी?

रात्री लायब्ररीतून मी आणि माझी मणिपूरची मैत्रीण बरोबरच येतो. गेटवरचे काका दोघींनाही तितकंच ओळखतात, पण मला नुसतं जा म्हणतात आणि तिचं आयकार्ड घेऊन पुढून मागून बघतात, कुठली तू विचारतात, तिने मणिपूर सांगितलं तरी पासपोर्ट आहे का म्हणतात. ती हसून उत्तर देते आणि रूमवर आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाही. वर्गात प्रोजेक्टचे ग्रुप करायचे म्हटले की आफ्रिकन मुलगा शेवटपर्यंत एकटाच उरतो, मग सर त्याला कुठेतरी टाकतात आणि त्या ग्रुपमधली मुलं त्याच्यासमोरच मराठीत कुरकुर करतात. त्याला मराठी येत नसेल, पण तोंडं वाकडी झालेली दिसतात की. चिंकी, मोमो, कालू हे तर इतकं सर्रास चालतं की बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटतच नाही.

नियम नाहीत असंही नाही साहेब. युजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या नियमांत दुरुस्ती करून वंश, रंग, प्रदेश, भाषा यावरून त्रास देणं, वाळीत टाकणं हेसुद्धा रॅगिंगच ठरवलंय. पण ॲडमिशनच्या वेळी आम्ही सगळे जे अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरतो ते कुणी वाचतं का, आणि रॅगिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात सीनियर-ज्युनियरच येतं, गेटवरची चौकशी त्यात बसते का हे आम्हाला कुणीच सांगत नाही. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी मारहाणीत गेला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली, समितीने वांशिक शेरेबाजीसाठी कायद्यात वेगळं कलम घाला असं सांगितलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातही ते वेगळं कलम आलं नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण एवढा मोठा फौजदारी कायदा नव्याने लिहायला घेतला होता, तेव्हा हे घालता आलं असतं.

हा कायदा केंद्राने केलाय असं तुम्ही म्हणाल, मान्य. पण राज्यातल्या विद्यापीठांकडून तुम्ही माहिती मागवू शकता ना? आणि ती मागवताना किती तक्रारी आल्या एवढंच विचारू नका, कारण उत्तर बहुतेक शून्यच येईल आणि सगळे खूश होतील. माझ्या मैत्रिणीने तक्रार केलेली नाही. ती म्हणते गार्डची तक्रार केली तर उद्यापासून त्याच गेटने मला रोज जायचंय, आणि पुरावा काय देऊ, त्याने आयकार्ड मागितलं हा काय गुन्हा आहे?

म्हणून थेट मुलांना विचारा. दरवर्षी एक सर्व्हे घ्या, इथल्या मुलांचाही आणि बाहेरून आलेल्यांचाही, आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाका. तक्रारीच्या फॉर्ममध्ये वंशभेद असा वेगळा पर्याय द्या, फॉर्म इंग्रजी-हिंदीतही ठेवा, आणि तक्रार ऐकणाऱ्या कमिटीत ईशान्येकडचा आणि परदेशी विद्यार्थी असलाच पाहिजे. गार्ड लोकांना दोष देऊन विषय संपवू नका प्लीज, त्यांना ट्रेनिंग कोणी दिलंय?

आणि सर्व्हे निनावी ठेवा, डिपार्टमेंटच्या हातात देऊ नका. इंटर्नलचे मार्क देणारे सरच जर ती उत्तरं वाचणार असतील तर कोणी खरं लिहिणार नाही.

आपली,
एक विद्यार्थिनी