फुकट म्हणजे बेवारस नव्हे

महोदय,

शाहूपुरीत माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजची दोन पोरं फासे टाकून खेळायच्या साहसखेळाची ८० पानी मराठी पुस्तिका छापायला घेऊन आली. भाषांतर झकास. राक्षस चक्क पन्हाळ्याच्या अंधारबावेत बसवलेला! पण आतल्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन’, बास. नियम मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या इंग्रजी साहसखेळाच्या एसआरडी ५.१ मधले, म्हणजे त्या खेळाच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजातले.

तो मजकूर जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ‘सीसी बाय ४.०’ परवान्याखाली खुला आहे. भाषांतर करा, बदला, विका. पै द्यावी लागत नाही. फक्त मूळ कर्त्याचं नाव आणि परवाना छापायचा, बदल केलेत तेही सांगायचं. ते टाळलं की परवाना आपोआप संपतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर पुन्हा लागू होतो. चित्रांचं वेगळंच. नेटवरून उचललेला त्यांचा ड्रॅगन यात बसतच नव्हता.

“काका, फुकटच आहे की ते!” पोरांचं म्हणणं. तासभर वाद घातला (चहा माझाच). शेवटी चार ओळी वाढवल्या, ड्रॅगन काढला. त्या जागी आता त्यांच्यातल्या एकानं काढलेली शिंगं उगारलेली म्हैस आहे.

– एक मुद्रक, शाहूपुरी, कोल्हापूर