बाई, तुम्ही आमच्या मुलांना वाचक दिलात

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच म्हणता, "ते राहू द्या गुरुजी, मुलांनी नवीन काय लिहिलंय ते सांगा." म्हणून आज उघड पत्र लिहितोय. इथे तुम्हाला मला थांबवता यायचं नाही, आणि माझ्यासारख्याच आडबाजूच्या शाळेतल्या कुणा शिक्षकाच्या नजरेस हे पडलं तर त्यालाही तुमचं काम कळेल.

बामणोलीच्या बाजूला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आमची सातवीपर्यंतची शाळा आहे. पट ३१. मोबाईलला रेंज हवी तर वरच्या वळणापर्यंत चढून जावं लागतं. २०२३ च्या मे महिन्यात मी मिरजेला बहिणीकडे आलो होतो. तिच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त मराठीच्या बाई म्हणून तुमची ओळख झाली. बोलता बोलता मी तक्रार केली की आमची मुलं निबंध लिहितात, पण सगळ्यांचे निबंध सारखे, गाईडातून उतरवल्यासारखे. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि विचारलंत, "ते वाचतं कोण?" मी म्हणालो, मीच. "वाचता, की तपासता?"

परतीच्या एसटीत मला तेवढंच आठवत होतं.

नंतर तुम्ही सेलेस्तां फ्रेने या फ्रेंच शिक्षकाबद्दल सांगितलंत. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ बोलणं जमत नसे. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांनी आपलं लिहिलेलं स्वतः छापायचं आणि ते दूर समुद्रकाठच्या एका शाळेतल्या मुलांना पाठवायचं. तिकडून उत्तरं यायची. शंभर वर्षांपूर्वी टपालाने जे झालं ते आपल्याला मोबाईलवर का जमू नये, असा तुमचा सवाल होता. सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या एका शाळेच्या बाई तुमच्या ओळखीच्या होत्या. जून उजाडला आणि दोन्ही शाळांची मिळून एक ऑनलाइन वही सुरू झाली. आठवडाभर मुलं कागदावर लिहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चौघं-पाचजण माझ्याबरोबर वळणापर्यंत चालत येत. कुणी मराठीत बोलून टाइप करी, कुणी बोटाने एकेक अक्षर दाबी.

पहिले दोन महिने फसले, हेही लिहिलं पाहिजे. मी उत्कृष्ट लेखाला बक्षीस लावलं आणि हुशार चौघांशिवाय कुणी लिहीना. उत्तरं म्हणाल तर "छान", "मस्त", अंगठा. तुम्ही बक्षीस बंद करायला लावलंत आणि दोन्ही वर्गांना एकच नियम दिलात. समोरच्याच्या लेखातलं एक वाक्य उचलायचं, ते का थांबून वाचलं ते सांगायचं, आणि ज्याचं उत्तर फक्त त्यालाच ठाऊक आहे असा एक प्रश्न विचारायचा. "छान" या शब्दाला बंदी.

त्या प्रश्नांनी सगळं बदललं. आमच्या पाचवीतल्या एका मुलीने नाचणीच्या लावणीवर चारच ओळी लिहिल्या होत्या. तिकडून एकाने विचारलं, "तुझ्या आईचे पाय चिखलात किती वेळ असतात?" तिने घरी जाऊन आईला विचारलं आणि दीड पान लिहून आणलं. मी तिला तीन वर्षं शिकवत होतो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मग तिने त्यांना हळद शिजवताना वास कसा येतो ते विचारलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ती माहिती पुस्तकात सापडेल. पण शिजलेल्या हळकुंडात काडी सहज गेली की हळद झाली असं समजतात, हे तिला तिथल्या मुलाने सांगितलं.

शुद्धलेखनावरून आपलं वाजलं होतं. "पानी" लिहिलेलं तसंच कसं जाऊ द्यायचं, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, आधी उत्तर द्या, चूक मागून दाखवा. मला ते पटायला वर्ष लागलं. आता मुलं पाठवायच्या आधी आपणहून एकमेकांना विचारतात, कारण पलीकडे कुणीतरी वाचणार असतं.

आणि पावसाळा! आमच्या एकाने लिहिलं, चार दिवस पाऊस थांबला नाही, तळं भरत आलंय. त्याच शनिवारी तिकडच्या सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न आला, "कोयनेचे दरवाजे उघडले का?" ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती दुसरी-तिसरीत होती, घर सोडून शाळेत राहिली होती. आमच्या मुलांना पाऊस म्हणजे सुट्टी आणि खेकडे. आपल्या दारातलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून कुणाच्या तरी घरात शिरू शकतं, हे त्यांना त्या प्रश्नाने कळलं. धरणाचे सहा दरवाजे आमच्या गावातून दिसत नाहीत. म्हणून पोरांनी काठावरचा एक काळा दगड धरला, तो किती बुडाला ते रोज लिहायचं. तिकडची मुलं आयर्विनचे फूट लिहीत, ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या आठवड्यात मी रोज वळणापर्यंत गेलो. भूगोलाचा असा तास मी कधी घेतला नव्हता.

तुमच्या वहीबद्दल तुम्ही कुणाला सांगत नाही, मी सांगतो. दोन्ही शाळांतल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात आहे, आणि कुणाच्या लेखाला उत्तर आलं नाही त्यापुढे फुली. रात्री त्या फुल्यांना तुम्ही स्वतः उत्तरं लिहीत होतात. पहिल्या वर्षी एकही लेख न वाचलेला राहिला नाही. पालकांची लेखी संमती, फक्त पहिलं नाव, फोटो नाही, हेही तुम्ही पहिल्या दिवसापासून धरून बसलात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, पण तुम्ही म्हणाला होतात, "कायदा नसता तरी विचारलं असतं."

गेल्या फेब्रुवारीत दोन्ही शाळा कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटल्या. समोरासमोरून येणाऱ्या कृष्णा-कोयना तिथे मिळतात, ते बघायचं होतं. प्रत्यक्षात मुलं नदीकडे बघेचनात. "तू चिखलवाली का?" "दगड मोजणारा कोण?" अशी हाकाटी चालली होती. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तुम्ही आला नाहीत. दोन्हीकडची मुलं तुम्हालाच शोधत होती.

आता गुडघा बरा आहे असं बहिणीकडून कळलं. दिवाळीनंतर या. बामणोलीहून लॉन्चने यावं लागेल. चढताना हात कोण धरणार यावरून चिखलवालीत आणि दगड मोजणाऱ्यात भांडण लागलंय, ते तुम्हीच येऊन मिटवा.

आपला,
शिवसागरकाठचा गुरुजी