धुळ्याच्या लॅबवाल्या दादांना, मनापासून

आदरणीय दादा,

कपाशीचा हंगाम संपत आला. जिनिंगच्या काट्यावर आमचा प्रोग्राम बिनतक्रार पावत्या छापतोय, आणि तुमचे आभार मानायचे मात्र राहूनच गेलेत. फोनवर बोलायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणत विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

वजनकाट्याचा आकडा वाचून पावती काढणारा हा प्रोग्राम सी भाषेतला. फाईली वाढल्या तशी कंपाइल करायची, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायची, कमांड लांबत गेली, ती वहीत बघून टाईप व्हायची. अमळनेरच्या मशीनवर एक तयार व्हायचं, चोपड्याच्या मशीनवर दुसरंच. दुरुस्ती कोडमध्ये झालेली असायची, पण जोडली जायची जुनीच ऑब्जेक्ट फाईल, म्हणजे आधीच कंपाइल झालेला तुकडा, आणि रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन वजा होताना आकडा चुकायचा. मागे ट्रॅक्टरांची रांग, आणि समोरचा शेतकरी विचारतोय, "ताई, माझे किलो कुठे गेले?" त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा आकडा असतो तो. मला रात्री झोप लागत नव्हती.

तुमच्याआधी ज्यांचे उंबरे झिजवले त्यांच्याबद्दलही लिहितेच, मनात साचलंय. एका सल्लागारांनी आगाऊ पैसे घेतले आणि मेकफाइल, म्हणजे कोणती फाईल कशी कंपाइल करायची ते मेक नावाच्या प्रोग्रामला सांगणारी फाईल, ईमेलमध्येच चिकटवून पाठवली. ती चालवली की मेक "मिसिंग सेपरेटर" एवढंच बोलून थांबायचं. विचारलं तर उत्तर आलं, "बेसिक आहे, गूगल करा." दुसऱ्या एकांनी सांगितलं की तुमच्याकडे, खान्देशात, हे जमणारं कोणी मिळायचं नाही. हे ऐकून माझ्या वडिलांनी मान खाली घातली होती, ते मी विसरलेले नाही.

आणि तुम्ही सुटीच्या दिवशी एसटीने आलात. आल्या आल्या पहिल्यांदा विचारलंत, "शेतकऱ्याला किती किलोचा फटका बसला?" मग मशीनकडे वळलात.

ईमेलमधून येताना टॅबच्या स्पेस झाल्या होत्या, आणि मेकफाइलमध्ये कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. पण तेवढं दुरुस्त करून निघून गेला नाहीत. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक का लिहिलं, ते तुम्ही चहा पिता पिता सांगितलंत. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन सकाळभर एका प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते. चूक आधीच दुरुस्त झालेली होती, फक्त ती फाईल पुन्हा कंपाइल झाली नव्हती. हे ऐकून मला रडूच आलं, दादा. आमचंच दुखणं होतं ते, आणि तेही इतक्या नामांकित प्रयोगशाळेतलं. टॅबचा नियम नंतर बदलावासा वाटला, तोवर डझनभर मित्र मेक वापरायला लागले होते. त्यांचं काम मोडू नये म्हणून फेल्डमननी तो तसाच ठेवला, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग तुम्ही माझ्या आईला विचारलंत, "वांगी भाजून झालीत आणि फक्त मिरची बदलायचीय, तर वांगी पुन्हा भाजाल का?" आई म्हणाली, "कशाला?" मेकसुद्धा फाईलींच्या वेळा बघून तेवढंच नव्याने करतं जेवढं जुनं झालंय, हे आईलाही कळलं. आजवर कोणी तिला माझं काम समजावून सांगितलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही गेल्यावर मी फाईल उघडली. प्रत्येक नियमाच्या वर तुम्ही एक ओळ लिहून ठेवली होती, अहिराणीत. पहिलीच ओळ होती: "आठे टॅब शे, स्पेस नही." ऑफिसातली सगळी पोरं आसपासच्या खेड्यांतली. इंग्रजी सूचना दिसली की ती स्क्रीनपासून मागे सरकायची. ही ओळ वाचून ती पुढे सरकली. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, याचे पैसे मिळणार नव्हते. आपल्यामागे या माणसांचं अडू नये, एवढाच विचार त्यात होता.

बाकी सगळं सुरळीत आहे. तुम्ही बसवलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाईल, रोज चालते. तिच्या माथ्यावरच्या "सेट -ई"मुळे एक पायरी फसली की पुढचं सगळं थांबतं, अर्धवट तयार झालेला प्रोग्राम काट्यापर्यंत जातच नाही. पोरं आता आधी "मेक -एन" करून काय काय होणार ते वाचतात, मगच खरं मेक चालवतात. काटा कोणाचाही असो, किलो तेच येतात.

हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. आपलं ज्ञान समोरच्याच्या हातात असं ठेवणारी, की त्याला लहान वाटू नये, फार थोडी भेटली. गावात कोणाची विहीर बसली तर न बोलावता फावडं घेऊन येणारी माणसं असतात, तुम्ही त्यांच्यातले आहात. आमच्या धंद्यात अशी माणसं फार हवीत. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नसते, याचा मला राग येतो.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाही. आता एकच मागणं आहे. त्या मेकफाइलच्या पहिल्या ओळीत, तुमच्या अहिराणीच्याही वर, मला तुमचं नाव लिहायचंय. न विचारता लिहिणार नाही. एकदा हो म्हणा.

तुमची,
अमळनेर तालुक्यातली ताई