फ्रॅकिंगले पाणी कुठून आणणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मी वणीकडचा कापूसवाला, गॅसमधलं जास्त समजत नाही, पण पोरानं मोबाईलवर फ्रॅकिंगचा व्हिडिओ दाखवला, जमिनीत खोल पाणी, रेती अन केमिकल जबरदस्त प्रेशरनं घालून खडक फोडतात अन त्या खडकात अडकलेला शेल गॅस काढतात, गॅसच्या एका विहिरीले कोटभर लिटरच्या वर पाणी लागू शकते म्हणे. इकडे मे महिन्यात आमच्या बोअरमधून नुसती हवा येते!

फ्रान्सनं २०११ मध्येच बंदी घातली. इंग्लंडात ब्लॅकपूलजवळ २०१९ ला २.९ रिश्टरचा धक्का बसला तेव्हा सरकारनं काम थांबवलं, मग २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस बाईंनी बंदी उठवली अन पुढच्याच महिन्यात ऋषी सुनक यांनी परत लावली. लोकं विरोधात साइटच्या गेटवर बसले होते हो, उगाच नाही. अमेरिकेत टेक्सासकडे मात्र जोरात चालू आहे, तिथं खालच्या गॅसची रॉयल्टी बऱ्याचदा जमीनवाल्याले भेटते. आपल्याकडे तेल-गॅस सरकारचा, आपल्याले वरची धूळ (कोळसा खाणीजवळच्यांना विचारा).

केंद्रानं २०१३ ला शेल गॅसचं धोरण आणलं, आमच्या ग्रामसभेत त्यावर कोणी शब्द काढला नाही. उद्या इकडे कोणी मोजणीले आलं तर आधी पाण्याचा हिशोब मराठीत लिहून द्या, मग सही मागा.

एक शेतकरी, ता. वणी, जि. यवतमाळ