तेराव्या वाढदिवसाचा नियम आपला नाही

महोदय,

कालच्या करिअर पुरवणीत ऐरोलीच्या एका पालकांना दिलेलं उत्तर चुकीचं आहे. मुलाचा दम्याचा पंप नवव्या वर्षी बंद झाला, आता तो दहावीत आहे, एनडीएतून हवाई दलात वैमानिक होता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तेराव्या वाढदिवसानंतर त्रास नसेल तर अडचण नाही, स्पायरोमेट्री (फुंकरीतून श्वास मोजणारी चाचणी) नॉर्मल आली की काम झालं, असं आपल्या सल्लागारांनी सांगून टाकलं.

तेराव्या वाढदिवसाची अट अमेरिकी सैन्यभरतीची आहे. यूपीएससीच्या एनडीए अधिसूचनेला हवाई दलाचे जे वैद्यकीय निकष जोडलेले असतात, त्यांत वयाची अशी सवलत नाही. दमा, घरघर किंवा ॲलर्जीची सर्दी वारंवार झाल्याचा इतिहास असेल तर उमेदवार अपात्र, असं तिथे लिहिलेलं असतं. ॲलर्जीच्या सर्दीचा तर आपल्या उत्तरात उल्लेखही नाही! अधिसूचना संकेतस्थळावर फुकट मिळते. छापण्याआधी तेवढं परिशिष्ट वाचायला हवं होतं.

स्पायरोमेट्रीचंही तसंच. दम्यात श्वासनळ्या कधी आवळतात, कधी मोकळ्या असतात. बऱ्या दिवशी फुंकलं की आकडे चांगलेच येणार. चाचणी करायची तर साल्ब्युटामॉलचा, म्हणजे नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा, पंप किमान चार तास आधी बंद हवा. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजायची, मग स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) 400 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल देऊन 10 ते 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. आकडा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलीलीटरनी, दोन्ही प्रकारे वाढला, तर नळ्या अजून आवळतात असं धरायचं. मुलं फुंकर अर्ध्यावर सोडतात, ओठांच्या कडेने हवा गळते. असे आलेख धरून काढलेला रिपोर्ट कामाचा नाही. संशय उरलाच तर ट्रेडमिलवर पळवून किंवा मेथाकोलीन (नळ्या आवळायला लावणारं औषध) देऊन तपासतात.

नियम इतका कडक का, हेही सांगायला हवं होतं. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा रक्त डोक्यातून खाली उतरू नये म्हणून वैमानिक छातीत हवा कोंडून पाय आणि पोट आवळतो आणि दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास बदलतो. आवळलेल्या नळीतून ते होत नाही. मास्कमधला ऑक्सिजन कोरडा असतो, त्याने नळ्या आणखी चिडतात. 18,000 फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा असतो, म्हणजे कॉकपिटचा दाब अचानक गेला तर फुप्फुसात अडकलेली हवा फुगते आणि वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकतं.

त्या पालकांना खरा सल्ला असा: जुनी फाइल काढा. घोडबंदर रोड असो की तळोजा, धुळीत आणि पावसाळी सर्दीत लहान मुलाला घरघर लागली की नेब्युलायझर लावायचा आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ब्राँकियल अस्थमा’ लिहून मोकळं व्हायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचा विषाणूजन्य ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनळ्यांची सूज) म्हणजे दमा नव्हे. पंपात स्टिरॉइड होतं का, किती महिने घेतलं, शेवटची घरघर कधी झाली, हे तारखांसह छातीविकारतज्ज्ञाला आत्ताच, दहावीत दाखवा. मेडिकल येतं एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीच्या, पाच दिवसांनंतर. तोवर मुलाची दोन-तीन वर्षं गेलेली असतात. तिथे अपात्र ठरल्यास अपील बोर्ड मागता येतं. त्यापुढचं रिव्ह्यू बोर्ड मात्र हक्काचं नाही, ते मंजूर करणं अधिकाऱ्यांच्या हातात असतं. नागरी वैमानिकाची डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) क्लास 1 वैद्यकीय तपासणी स्वतंत्र आहे, तिची चौकशीही आत्ताच करावी.

आणखी एक. त्याच पानावर ‘मेडिकल हमखास क्लिअर’ अशी एका क्लासची जाहिरात आहे. दम्याचा इतिहास हमखास कोणी कसा पुसणार? मुलांना फॉर्मवर ‘नाही’ लिहायला शिकवूनच ना? तो फॉर्म उमेदवार स्वतः सही करून देतो. लपवलेलं उघड झालं तर निवड रद्द होते, आणि नाही झालं तर झटका विमानात येतो. अशा जाहिराती घेऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

उत्तराची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

– एक छातीविकारतज्ज्ञ, ठाणे पश्चिम