मामाची खूण

वाई, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मेहुणे गेल्याचं कळलं होतं. ताई भाच्याला घेऊन तुझ्याकडेच राहायला आलीय हे आत्ता समजलं. ‘पोराशी काय बोलावं सुचत नाही’ असं लिहिलंयस. मला तरी कुठे सुचतंय? पण माझ्या मामाबद्दल लिहितो. तुला तो बिडी ओढणारा, आपल्यावर खेकसणारा प्रेसवाला म्हणून आठवत असेल. होताच तसा.

१९८३ साली बाबा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. बराच वेळ गेल्यावर मामा पिंडाजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला आणि कावळा आला. काय म्हणाला ते त्याने कधी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटली की मी प्रेसमध्ये. बाबांचा विषय तो काढतच नसे. छापून झालेले खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, रॉकेलने धुवायचे, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, एवढंच काम. वर्षभराने हातात स्टिक दिली, खिळे ओळीत जुळवायची पट्टी. स्टिकमध्ये अक्षरं खाली डोकं वर पाय असतात, ओळ मात्र डावीकडून उजवीकडेच चालते. खिळ्याच्या अंगाला खाच असते. “बघतोस काय, अंगठ्याला कळू दे,” म्हणायचा. एकदा जुळवलेलं पान माझ्या हातून सांडलं, तेव्हा कानाखाली वाजवली आणि मग रात्री अकरापर्यंत माझ्यासोबत खिळे निवडत बसला.

काम नसेल तेव्हा विश्वकोश. आपल्याच गावात तयार होणारा ग्रंथ! १९७६ चा पहिला खंड त्याने कुठूनसा मिळवला होता. प्रूफ वाचायची सवय व्हावी म्हणून मी तो मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून. अर्थ निम्मा कळायचा नाही. त्यालाही कळत नसावा.

१९८७ मध्ये आक्काचं लग्न ठरलं. पत्रिका मी जुळवली. चि. सौ. कां. वगैरे सगळं नीट, फक्त बाबांच्या नावाआधीचं ‘कै.’ गाळलं. विसरलो नव्हतो. मामाने प्रूफ पाहिलं, नावाआधी पेन्सिलने काकपद काढलं, म्हणजे ‘इथे काही राहिलंय’ अशी खूण, वर काहीच लिहिलं नाही आणि बिडी ओढायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. ओळ गच्च भरलेली. शब्दांमधल्या पट्ट्या चिमट्याने काढून पातळ घातल्या, तेव्हा कुठे ‘कै.’ मावलं. आत आल्यावर ओळीवरून बोट फिरवून म्हणाला, “घट्ट बसलीय.” त्या खुणेला काकपद का म्हणतात, हे मला त्या दिवशी विचारायचं होतं. राहिलंच.

सगळं गोडच होतं असं समजू नकोस. दहावीनंतर मी प्रेसमध्येच बसावं असा त्याचा हट्ट होता. खिळ्यांशिवाय चालणारी ऑफसेट छपाई गावात आलेली दिसत असूनही. मी पुण्याला गेलो तर दोन वर्षं बोलला नाही. चूकच होती त्याची, आणि आईने ते त्याला तोंडावर सांगितलं.

सुट्टीत भाच्याला इकडे पाठव. ट्रेडल, ते छपाईचं यंत्र, केव्हाच भंगारात गेलं, पण खिळ्यांची एक केस माळ्यावर आहे, धुळीने भरलेली. रॉकेल मिळत नाही, थिनरने धुऊ. कपडे जुनेच दे, शाईचे डाग निघत नाहीत.

तुझा,
प्रेसवाल्याचा भाचा