आई, चप्पल निसटते त्याचं कारण

तासगावला, ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नेहमीसारखं मोठ्यानं वाचा आणि मधलं काही गाळू नका. परवा फोनवर तुम्ही कुजबुजलात, "आईला गाठ म्हणू नकोस, सूज म्हण." त्याच रात्री आईनं मला विचारलं, "गाठच आहे ना गं?" कोण कोणापासून लपवतंय तेच कळेना, म्हणून दोघांना एकदमच लिहिते.

आई, तुझ्या पाठीच्या कण्यात गाठ आहे. दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये, पाठीच्या सहाव्या मणक्याजवळ, 17 मिलिमीटरची. बाबा, एक्स्पोर्टच्या द्राक्षाचा मणी तुम्ही मोजून बघता, साधारण तेवढीच. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या पोकळीतून खाली येतो. करंगळीएवढा जाड आणि जेमतेम दीड फूट लांब. पायांना हुकूम त्याच्यातूनच जातो, पाय कुठं पडला हे त्याच्यातूनच वर कळतं. तुझी गाठ रज्जूच्या आत नाही, त्याच्या वेष्टणाला चिकटून बाजूनं दाबतेय. म्हणून चप्पल पायातून निसटते आणि तू चार पावलं तशीच पुढं जातेस. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो तोही त्यामुळंच, आणि छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं ते गॅसेस नव्हेत. वर्षभर आपण सगळे म्हणत होतो, वय झालं, गुडघे झिजले. मीसुद्धा. त्याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला एमआरआय कमरेचा काढला होता, त्यात वयाची झीज दिसली आणि गोळ्या मिळाल्या. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गाठ होती वर, आपण बघत होतो खाली. मिरजेच्या डॉक्टरांनी टाचणीनं टोचत टोचत बधिरपणा कुठवर चढलाय ते पाहिलं, तेव्हा कुठं पाठीचा फोटो निघाला.

1887 साली लंडनला व्हिक्टर हॉर्सली नावाच्या सर्जननं कण्यातली अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. तेव्हा एमआरआय सोडा, एक्स-रेसुद्धा नव्हता. त्यांनीही आधी खालचेच मणके उघडले, काही दिसेना, अजून वरचं हाड काढलं तेव्हा गाठ सापडली. तो माणूस पुढं चालायला लागला. हे वाचल्यापासून मला बरं वाटतंय. काय करू, आईची लेक आहे, शेवट गोड असलेली गोष्टच लक्षात राहते.

आता कॅन्सरचं. मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या गाठींना 1 ते 4 अशा प्रती लावतात, 4 सगळ्यांत वाईट. आईची गाठ फोटोवरून मेनिंजिओमा, म्हणजे रज्जूच्या वेष्टणातून वाढणारी गाठ, वाटते. कण्यात ही बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांनाच होते, आणि बहुतेक वेळा पहिल्याच प्रतीची, सावकाश वाढणारी निघते. पक्कं उत्तर गाठ काढून तपासल्यावरच. मग साधी असेल तर राहू दे की, असं आत्यानं म्हटलंच असेल. पण कण्यात जागाच नाही गं. साधी गाठसुद्धा वाढत गेली तर रज्जू चेंगरते, आणि फार दिवस चेंगरलेली रज्जू गाठ काढल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. धोका शून्य नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण लुळं पडायची मोठी भीती थांबण्यात आहे.

शेजारचे काका मणका बसवणाऱ्याकडं न्यायचं म्हणत होते. बाबा, पाया पडते, पाठीला कुणाचा हात लावू देऊ नका. सूज कमी करायच्या गोळ्या स्टेरॉईडच्या आहेत. त्यानं आईची साखर चढेल, रोज तपासा, पण गोळ्या मनानं बंद करू नका. आणि लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा पाय एकाएकी ढिले पडले, तर माझ्या येण्याची वाट बघू नका. रात्रीचे दोन असोत, गाडी काढून मिरज गाठा.

बेदाण्याचं शेड भाऊ बघेल, त्याला मी सांगितलंय. गुरुवारी रात्री निघते. आईसाठी मागं पट्टा असलेल्या चपला घेतल्यात. सहा नंबरच ना गं? लहान झाल्या तर बदलून आणीन, पावती ठेवलीय.

तुमची,
शोभी